एकाच होडीतले दोन मृत्यू, नोंद एकाचीच

ऑगस्ट २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर एका खाडीच्या मुखाशी मासेमारी नौका उलटली. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली होती, पण दर्या अजून निवळला नव्हता. मुखाशी गाळ साचल्यामुळे तिथे लाट उभी राहून फुटते, हे त्या भागातल्या प्रत्येक तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, ठाऊक आहे. नौकेवर पाच जण होते. तांडेल आणि दोन खलाशी डिझेलचे रिकामे कॅन धरून किनाऱ्याला लागले. चौथ्याचा मृतदेह दुसऱ्या दिवशी सकाळी पुळणीवर आला. पाचवा मिळाला नाही.

चौथ्या खलाशाच्या मृत्यूची नोंद आठवड्याच्या आत ग्रामपंचायतीत झाली. पाचव्याच्या बायकोला मात्र जाईल तिथे एकच उत्तर मिळत गेलं, सात वर्षं थांबा.

आमदारांच्या कार्यालयात विधिमंडळाचे प्रश्न आणि लक्षवेधी सूचना तयार करण्याचं काम मी करतो. हे प्रकरण आमच्याकडे आलं तेव्हा अपघाताला दीड वर्ष उलटून गेलं होतं. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव, तालुका आणि काही बारीक तपशील बदलले आहेत. कायद्याचा भाग जसाच्या तसा आहे. किनाऱ्यावरच्या इतर कार्यालयांना, वकिलांना आणि मच्छीमार सोसायट्यांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

कागद काय होते

पहिल्या भेटीत त्या बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आल्या होत्या. बोलल्या फार कमी. "सगळे म्हणतत सात वर्सां थांबा. तवसर पोरांक काय घालू?" एवढंच म्हणाल्या आणि पिशवी टेबलावर ठेवली.

पिशवीतले कागद तारखेप्रमाणे लावले. बंदरावर नौका सुटताना घेतलेल्या टोकनची प्रत होती, त्यात पाचही जणांची नावं होती. सागरी पोलीस ठाण्यातली बेपत्ता व्यक्तीची नोंद होती. मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याने उलटलेल्या नौकेचा केलेला पंचनामा होता. शोधमोहीम थांबवल्याचं पत्र होतं. शिवाय वाचलेल्या तिघांचे पोलिसांनी घेतलेले जबाब होते. तिघांनीही सांगितलं होतं की पाचवा माणूस उलटलेल्या नौकेच्या काठाला धरून होता, दुसऱ्या लाटेत त्याचा हात सुटला आणि तो पुन्हा वर आला नाही. तांडेलाच्या जबाबात तर वेळही आहे, पहाटे पाचच्या सुमाराची.

हे जबाब वाचल्यावर मला राहून राहून प्रश्न पडला की या माणसाला "बेपत्ता" म्हणायचं तरी कशाच्या आधारावर? तो कुठे गेला हे तीन माणसांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. सापडला नाही तो फक्त देह.

ग्रामपंचायतीने नोंद घ्यायला नकार दिला होता, पण तोंडी. लेखी अर्ज नाही, पोच नाही, नकाराचं कारण नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवेचा अर्ज फेटाळताना लेखी कारण द्यावं लागतं. त्यावर कार्यालयातच दोन अपिलं करता येतात आणि तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे जातं. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. मृत्यूच्या दाखल्याला पाच दिवसांची मुदत आहे. पण दाखला नोंदवहीतल्या नोंदीवरून मिळतो. नोंदच नसेल तर पाच दिवसांची मोजणी कधी सुरूच होत नाही. हक्क कागदावर पूर्ण आहे, पण त्याचा पहिला दिवस उजाडत नाही. सेवा हक्क कायद्याबद्दल मला आदर आहे. कोकणातल्या गावांत उत्पन्नाच्या, रहिवासाच्या दाखल्यांसाठी त्याने मोठं काम केलं आहे. अशा प्रकरणात मात्र तो दाराबाहेरच थांबतो.

दाखला नाही म्हणून पुढचं सगळंच अडलं. संजय गांधी निराधार योजनेत विधवा म्हणून अर्ज करायचा तर पतीच्या मृत्यूचा दाखला लागतो. घराच्या सामायिक सातबाऱ्यावर वारस नोंद करायची तरी तोच लागतो. बँकेतले पैसे आणि मच्छीमारांसाठीच्या गट अपघात विम्याचे पाच लाखही त्याच कागदावर अडलेले.

सात वर्षं आली कुठून

हा नियम पुराव्याच्या कायद्यातला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात तो कलम १०८ म्हणून होता; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम १११ आहे. ज्या माणसाची खबर ज्यांना साहजिकपणे मिळाली असती त्यांना सात वर्षं ती मिळाली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. कलम एवढंच आहे. कसलाच पुरावा हाती नसलेल्या कुटुंबाला आधार म्हणून ते केलं गेलं. घरातून निघून गेलेला माणूस, यात्रेत हरवलेला माणूस, कोणी काही पाहिलेलं नाही, अशा वेळी ते उपयोगी पडतं.

सात वर्षांच्या आत मृत्यू सिद्धच करता येत नाही, असं हे कलम कुठेही म्हणत नाही. साक्षीदार असतील, परिस्थितीजन्य पुरावा असेल, तर मृत्यू इतर कुठल्याही वस्तुस्थितीसारखा सिद्ध करता येतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये मृत्यूची व्याख्या आहे: जिवंत जन्मानंतर जीवनाची सर्व लक्षणं कायमची नाहीशी होणं. त्या व्याख्येत मृतदेहाची अट नाही.

थांबण्यामुळे नुसता उशीर होत नाही, हक्कही बुडू शकतो. आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केलं की सात वर्षांनंतर माणूस मृत असल्याचं गृहीत धरता येतं, पण तो कोणत्या दिवशी मेला हे गृहीत धरता येत नाही. तारीख ज्याला हवी त्याने ती सिद्ध करायची. आता या कुटुंबाचा विचार करा. गट अपघात विमा वर्षावर्षाने चालतो. मृत्यू ऑगस्ट २०२३ मधला आहे हे आज तीन साक्षीदार सांगू शकतात. सात वर्षं थांबलं तर २०३० उजाडेल, तांडेल तेव्हा असेल की नाही कोणी सांगावं, दोघांपैकी एक खलाशी आताच कर्नाटकात परत गेला आहे. ज्या तारखेवर विम्याचा सगळा दावा उभा आहे ती तारीखच हातची जाईल. "थांबा" म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं हे मी मानतो. त्यांना नियमाची अर्धी ओळ माहीत होती आणि त्या अर्ध्या ओळीवर एका घराची दोन वर्षं गेली.

चौकशी करायची कोणी

इथे एक बदल लक्षात घ्यावा लागतो, तो फारसा बोलला गेलेला नाही. मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यायची असते. वर्षाहून जास्त उशीर झाला की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पूर्वी हा आदेश प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी द्यायचे, म्हणजे न्यायालय. २०२३ च्या दुरुस्तीने, १ ऑक्टोबर २०२३ पासून, हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे गेला. व्यवहारात तालुक्याच्या तहसीलदाराकडे. कायदा सांगतो की घटनेची सत्यता पडताळून आदेश द्यायचा.

न्यायदंडाधिकाऱ्याचं रोजचं कामच साक्ष तपासण्याचं. त्यांच्यासाठी उत्तनला, भाईंदरच्या समुद्राकाठी, महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे, भोपाळला राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे. नव्या न्यायाधीशाने न्यायासनावर बसण्याआधी किमान एक वर्षाचं प्रशिक्षण घेतलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं. तहसीलदाराला महसूल वसुली आहे, गौण खनिज आहे, निवडणूक आहे, पूर आला की पंचनामे आहेत, आणि त्यातच आता तीन खलाशांचे जबाब वाचून माणूस मेला की नाही हे ठरवायचं आहे. अधिकार एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, पण तो वापरायला लागणारं शिक्षण त्याच्यासोबत गेलं का? आमच्या प्रश्नाचा गाभा पुढे हाच ठरला.

त्यात राज्यात वर्षभराहून उशिराच्या नोंदींबद्दल गैरप्रकारांच्या तक्रारी आल्या. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने ते काम थांबवलं आणि मार्च २०२५ मध्ये अधिक कडक कार्यपद्धती घालून दिली. खोट्या नोंदी रोखायलाच हव्यात, याबद्दल दुमत नाही. पण या बाईंचा अर्ज नेमका त्याच काळात तहसीलमध्ये होता. शिवाय आदेश द्यायचा तो मृत्यू जिथे झाला त्या भागाच्या दंडाधिकाऱ्याने. खाडीच्या या तीरावर एक तालुका, पलीकडे दुसरा. नौका उलटली ती मुखाच्या मध्यावर. फाइल दोनदा खाडी ओलांडून आली.

प्रश्नाचा मसुदा

आमदारसाहेबांनी कागद वाचले आणि पहिला मसुदा स्वतःच सांगितला. त्यात दोन ओळी अशा होत्या: न्यायालयं आणि तहसीलदार अशा प्रकरणांत संवेदनशीलता दाखवत नाहीत हे खरे आहे काय, आणि न्यायाधीशांना याबाबत प्रशिक्षण देण्याचे आदेश शासन देणार आहे काय. त्यामागची तळमळ मला कळत होती. पण हा प्रश्न विधानमंडळ सचिवालयातूनच परत आला असता, आणि तेच योग्य होतं.

संविधानाच्या अनुच्छेद २११ प्रमाणे सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या कर्तव्यपालनातल्या वर्तनावर विधिमंडळात चर्चा करता येत नाही. अनुच्छेद २३५ ने जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांवरचं नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिलं आहे. मंत्री न्यायाधीशांना प्रशिक्षणाचा आदेश देऊच शकत नाहीत. द्यायला लागले तर उद्या निकालाचेही आदेश देतील. जो मंत्री ज्या गोष्टीला जबाबदारच नाही, ती त्याला विचारून फक्त "हे खरे नाही" एवढं उत्तर हाती येतं आणि अधिवेशन वाया जातं. असं होताना मी अनेकदा पाहिलं आहे. त्यात नुकसान होतं ते ज्याच्यासाठी प्रश्न विचारला त्याचं.

मग आम्ही प्रश्न फोडला. या एका मृत्यूत किती खाती येतात ते आधी मांडलं. नोंदवही ग्रामविकासाकडची, नोंदणीची राज्य यंत्रणा आरोग्य खात्याची, बेपत्ता नोंद गृह खात्याची, नौका मत्स्यव्यवसायाची, दंडाधिकारी महसूलचा, न्यायालय आलं तर विधी व न्याय. सगळं एकात कोंबलं की प्रश्न खात्याखात्यांत हस्तांतरित होत राहतो. म्हणून मुख्य तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो, महसूलमंत्र्यांना, कारण निर्णय त्यांच्या अधिकाऱ्याने करायचा होता. त्याचा मजकूर साधारण असा:

"(१) सिंधुदुर्ग जिल्ह्यात ऑगस्ट, २०२३ मध्ये नौका उलटून बेपत्ता झालेल्या खलाशाच्या मृत्यूची नोंद, वाचलेल्या तीन खलाशांचे जबाब उपलब्ध असूनही, अद्याप झालेली नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, अर्जदारास नकाराचे लेखी कारण देण्यात आले आहे काय, (३) दिनांक १ ऑक्टोबर, २०२३ पासून विलंबित नोंदीची सत्यता पडताळण्याचे अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आल्यानंतर त्यांना साक्षीपुरावा तपासण्याचे प्रशिक्षण देण्यात आले आहे काय, असल्यास कोणत्या संस्थेत व किती अधिकाऱ्यांना, (४) मोठ्या आपत्तीतील बेपत्ता व्यक्तींसाठी अवलंबिण्यात आलेली कार्यपद्धती समुद्रातील नौका दुर्घटनांना लागू करण्याबाबत राज्य शासनाने केंद्र शासनाकडे प्रस्ताव पाठविला आहे काय, (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

तिसरा भाग आमच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा. तहसीलदार शासनाचा माणूस आहे. त्याचं प्रशिक्षण पुण्याच्या यशदा या शासनाच्या प्रशिक्षण संस्थेत किंवा शासन ठरवेल तिथे होतं, आणि त्याबद्दल मंत्र्यांना पूर्ण जाब विचारता येतो. चौथ्या भागात केंद्राला काही विचारलेलं नाही, कारण तसं विचारता येत नाही. राज्याने पाठपुरावा केला का, एवढंच विचारलं आहे.

या चौथ्या भागामागे ठोस उदाहरणं आहेत. २०१३ च्या उत्तराखंडमधल्या प्रलयात आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये चमोलीला आलेल्या पुरात मृतदेह न मिळालेल्यांसाठी सात वर्षं थांबण्याऐवजी चौकशी, जाहीर सूचना आणि हरकतींची मुदत असा मार्ग काढण्यात आला. २०२४ च्या वायनाड भूस्खलनानंतर केरळनेही बेपत्ता ३२ जणांना मृत घोषित केलं. म्हणजे वाट आहे. ती शेकडो माणसं एकदम गेली की उघडते, एका होडीतला एक माणूस गेला तर उघडत नाही. ११ नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळात आमच्या आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कितीतरी खलाशी परत आले नाहीत. त्यांच्या घरांची सात वर्षं २०१६ मध्ये भरली. तो काळ त्या बायकांनी कसा काढला, ते किनाऱ्यावर राहणाऱ्यांना विचारावं.

न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाचा भाग आम्ही सोडला नाही. साक्षीदारच नसतील, अख्खी नौका गेली असेल, तर कुटुंबाला दिवाणी न्यायालयात जावंच लागतं आणि तिथे कलम १११ कसं वाचलं जातं यावर सगळं ठरतं. म्हणून विधी व न्याय खात्याला वेगळा अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, प्रश्न दिला: उत्तनच्या अकादमीसाठी गेल्या तीन आर्थिक वर्षांत किती निधी मंजूर झाला व किती वितरित झाला, किनारी जिल्ह्यांत कनिष्ठ स्तर न्यायाधीशांची किती पदं रिक्त आहेत, आणि नवीन फौजदारी व साक्ष कायद्यांच्या प्रशिक्षणासाठी उच्च न्यायालय प्रशासनाकडून मागणी आली असल्यास शासनाने काय कार्यवाही केली. यात कुठेही न्यायाधीशावर बोट नाही. पैसा आणि पदं शासन देतं, त्याचा हिशोब विधिमंडळाने मागायचाच असतो.

उत्तराआधीच फाइल हलली

तारांकित प्रश्नांच्या यादीत आमचा क्रमांक खूप खाली होता. पावसाळी अधिवेशनात त्या दिवशी प्रश्नोत्तराचा तास संपला तेव्हा चौथ्या प्रश्नावरच चर्चा चालू होती. तोंडी उत्तराची वेळ आलीच नाही, लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवलं गेलं. "(१) हे अंशतः खरे आहे." तिसऱ्या भागाला, महसूल अधिकाऱ्यांना नियमित प्रशिक्षण दिलं जातं, असं सर्वसाधारण उत्तर. चौथ्याला, बाब तपासून पाहण्यात येईल.

अनेकांना हे उत्तर पोकळ वाटलं. मला तसं वाटत नाही. प्रश्न स्वीकारला गेला की मंत्रालयातून जिल्हाधिकाऱ्यांकडे माहितीची मागणी जाते, तिथून प्रांताकडे, प्रांताकडून तहसीलला. ठरलेल्या तारखेच्या आत कोणीतरी ती फाइल उघडून वाचावी लागते आणि सही करून वर कळवावं लागतं. आमच्या प्रकरणात उत्तर छापून येण्याआधीच तहसीलदारांनी तांडेलाला आणि गावातल्या खलाशाला जबाबासाठी बोलावलं होतं. कर्नाटकातल्या खलाशाचं प्रतिज्ञापत्र टपालाने आलं. हरकतींसाठी जाहीर सूचना निघाली. कोणाची हरकत आली नाही. मग आदेश झाला आणि त्यात मृत्यूची तारीख अपघाताचीच धरली. कारणही नीट लिहिलं आहे: तीन स्वतंत्र जबाब एकमेकांशी जुळतात, टोकनवर नाव आहे, आणि त्याच दुर्घटनेतल्या दुसऱ्या मृत्यूची नोंद आधीच झालेली आहे. दीड पानांचा आदेश आहे. कोणत्याही न्यायाधीशाने लिहिला असता तसा आहे. शिकवलं, वेळ दिला, तर आमचे तहसीलदार हे काम उत्तम करू शकतात, याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

आदेश गेल्यावर ग्रामपंचायतीने नोंद केली आणि दाखला मुदतीत दिला. निराधार योजनेचा अर्ज मंजूर झाला, महिना १,५०० रुपये. विम्याचा दावा अजून प्रलंबित आहे. दावा दाखल करायला उशीर का झाला याचा खुलासा मागितला गेला, त्याला आदेशाची आणि आधीच्या सगळ्या अर्जांची प्रत जोडून उत्तर पाठवलं आहे.

"तपासून पाहण्यात येईल" हे मंत्र्यांचं आश्वासन धरलं जावं म्हणून आमदारसाहेबांनी पत्र दिलं आहे. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या आश्वासन समितीच्या यादीत ते आलं की खात्याला त्याचा हिशोब द्यावा लागेल. दरम्यान मच्छीमार सोसायट्यांना आम्ही एक पानाची सूचना पाठवली: अपघात झाला की वाचलेल्यांचे जबाब त्याच आठवड्यात पोलिसांकडे सविस्तर नोंदवा, टोकनची प्रत जपा, नोंदीचा अर्ज वर्षाच्या आत लेखी द्या आणि नकारही लेखीच घ्या. नोंद सापडत नसल्याचा दाखला, म्हणजे नमुना १०, मागून घ्या. पुढच्या प्रत्येक टेबलावर तो लागतो.

एक बाजू अजून मोकळी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या नौकांवर मोठ्या संख्येने नेपाळी खलाशी काम करतात. त्यांच्यातला कोणी समुद्रात गेला तर त्याचं कुटुंब आमच्या कार्यालयापर्यंत पोचतच नाही आणि तो कोणाचा मतदारही नसतो. येत्या अधिवेशनासाठी मत्स्यव्यवसाय खात्याला द्यायच्या प्रश्नाचा पहिला भाग त्यांच्याबद्दल आहे: गेल्या पाच वर्षांत समुद्रात बेपत्ता झालेल्या परराज्यातील व परदेशी खलाशांची संख्या किती, आणि त्यांपैकी किती जणांच्या वारसांना मृत्यूचा दाखला मिळाला.